वाटूर फाट्यावरची नदी

वाटूर फाट्यावर माझ्या वडिलांचं हॉटेल होतं. हॉटेल म्हणजे पुढे पत्र्याचं छप्पर, सहा बाकं, दोन भट्ट्या आणि मागे आमचं राहतं घर. दोहोंच्या मध्ये गोणपाटाचा एक पडदा. जालन्याची एसटी इथे थांबायची, परतूरची थांबायची, मंठ्याची थांबायची, आणि तिन्ही रस्त्यांची माणसं पुढच्या गाडीची वाट बघत आमच्याकडे भजी खायची. रामनवमीच्या आसपास जांबच्या यात्रेला जाणाऱ्यांची गर्दी उसळली की आई आमच्या जेवणाची भाकरीसुद्धा पुढे देऊन टाकायची आणि आम्ही रात्री गिऱ्हाइकांची उरलेली मिसळ खायचो. कढईची चरचर, कंडक्टरची घंटी, हॉर्न, पडद्यापलीकडून येणारं अनोळखी माणसांचं खोकणं, या सगळ्यात मी पाढे पाठ केले. आता मी ज्या इमारतीत राहते तिथे दुपारी इतकं शांत असतं की मला झोप लागत नाही. सुनेला हे विचित्र वाटतं. तिचं बरोबर आहे.

त्या काळात आमच्या घरातली दोन माणसं एकमेकांशी बोलत नव्हती. एक अण्णा, म्हणजे माझे वडील, आणि दुसरा माझ्याहून पाच वर्षांनी मोठा विलासदादा. भांडण झालं नव्हतं, हीच पंचाईत होती. झालं असतं तर मिटवायला काहीतरी सापडलं असतं. दादाला औरंगाबादला पॉलिटेक्निकला जागा मिळाली होती. त्याची पेटी भरून तयार होती. त्याच आठवड्यात टेम्पोतून दुधाचे कॅन उतरवताना अण्णांचा पाय मोडला आणि त्यांनी दवाखान्याच्या खाटेवरूनच निरोप धाडला, विलासला म्हणावं दोन महिने गल्ल्यावर बस. दोन महिन्यांनी पाय जुळला. जागा तोवर दुसऱ्या कुणाची तरी झाली होती. दादा यावर काही बोलला नाही. म्हणजे खरोखरच काही बोलला नाही, त्या दिवसापासून पुढे अण्णांशी एक शब्दही नाही. अण्णांनीही चार दिवस वाट पाहिली आणि मग तेही गप्प झाले. खाण तशी माती.

अशा घरात तिसऱ्या माणसाची फार धावपळ होते. अण्णा भट्टीजवळून म्हणायचे, शैला, त्याला सांग, बेसन संपत आलंय. दादा दोन हातांवर उभा असायचा, त्याला सगळं ऐकू जायचं, आणि तो पोतं उचलायला निघालेलाही असायचा. तरी मला ते वाक्य पुन्हा मोठ्यानं म्हणावं लागायचं, कारण नाही म्हटलं तर निरोप पोचला असं अण्णा धरायचे नाहीत. परतीचा निरोपही माझ्यामार्फतच. आई सुरुवातीला रडली, मग चिडली, मग तिला सवय झाली. अण्णा भज्यांच्या घाण्यातला कुरकुरीत चुरा झाऱ्यानं गोळा करून एका वाटीत बाजूला ठेवायचे. ती वाटी दादासाठी असे. दादा ती खायचा. दोघांपैकी कुणीही त्या वाटीकडे बघायचं नाही.

हॉटेलातला व्हिडिओ गेम याच्या दोनेक वर्षं आधी आला होता. जालन्याचा एक माणूस अशी मशिनं हॉटेलांमध्ये लावायचा, त्यानं ते आणून ठेवलं. टेबलासारखं होतं ते. वर जाड काच, काचेखाली उताणा ठेवलेला टीव्ही, समोरासमोर दोन खुर्च्या, दोन दांडे आणि प्रत्येकाला दोन बटणं. ठेवताना तो माणूस अभिमानानं म्हणाला होता की हा ओरिजनल माल आहे, बाजारात मिळतो तसला नकली नाही. खेळाचं नाव जपानी लिपीत होतं आणि ते वाचता येणारं कुणी फाट्यावर उतरत नसे, म्हणून आम्ही त्याला नदी म्हणायचो. पुराची नदी, त्यात दोन होड्या, आणि दोन होड्यांच्या मध्ये एक दोरी. पाण्यातून माणसं वाहत यायची, शेळ्या यायच्या, पेट्या यायच्या, त्या दोरीनं अडवायच्या. होड्या फार लांब गेल्या तर दोरी तुटायची. मध्ये खडक आला आणि एक होडी खडकाच्या या अंगानं, दुसरी त्या अंगानं गेली तर दोन्ही बुडायच्या. एकट्याला हा खेळ खेळताच यायचा नाही.

यात एक गंमत होती. खेळणारे समोरासमोर बसत, त्यामुळे एकाची डावी ती दुसऱ्याची उजवी. सुरुवातीचे कित्येक दिवस माणसं डावीकडे, डावीकडे असं ओरडत परस्परांना बुडवत होती. मग कुणीतरी शोध लावला की टेबल रस्त्याला समांतर आहे, एक बाजू जालन्याची, एक परतूरची. तेव्हापासून आमच्याकडे डावं-उजवं बंद झालं. जालन्याला घे, परतूरला घे, असंच म्हणायचं. नवख्या प्रवाशाला वाटायचं ही माणसं एसटीबद्दल बोलतायत, आणि एकदोघं आपलं गाठोडं घेऊन उठलीही होती.

दोनेक वर्षांत त्या खेळाचं नवल संपलं. जालन्याला मारामारीचे नवे गेम आले, परतूरलाही एक आला, पोरं तिकडे जायला लागली. मशिनवाला टेम्पो घेऊन आला, त्यानं आमचं टेबल एकदा पाहिलं आणि म्हणाला, राहू द्या, हे न्यायचा खर्चा निघायचा न्हाई. नाणं टाकायची खाच अण्णांनी लाकडी पाचर मारून बुजवली आणि खेळ फुकट करून टाकला. खरं तर ते टेबल तेव्हाच बाजूला लागायचं, त्यावर कपबश्या ठेवल्या जायच्या. तसं झालं नाही, कारण दोन म्हाताऱ्यांना नदीचं वेड लागलं होतं. म्हातारे असं मी तेव्हा म्हणायचे. आज मी त्यांच्यापैकी एकाहून मोठी आहे.

पहिले शब्बीरमामू. जालना-परतूर गाडीचे ड्रायव्हर. त्यांची गाडी दुपारी पावणेतीनला आमच्या दारात थांबायची आणि सव्वातीनला सुटायची, ती अर्ध्या तासाची विश्रांती ते नदीत घालवायचे. दुसरे देशमाने गुरुजी, गावच्या शाळेतून निवृत्त झालेले, घरी एकटे. दादा शब्बीरमामूंचा जोडीदार आणि मी गुरुजींची. सत्तावीस टप्प्यांपर्यंत आम्ही पोचलो होतो, आणि पुढे किती आहेत हे कुणालाच माहीत नव्हतं. गुरुजींनी एका दोनशेपानी वहीत प्रत्येक टप्प्याचा नकाशा काढला होता, कुठे वळण, कुठे खडक, शेळी कधी येते. जो बुडेल त्यानं उठण्याआधी कुठे बुडालो ते गुरुजींना सांगायचं, असा नियम होता. शाळेत उत्तर चुकल्यावर उभं राहावं तसं माणसं ते सांगायची.

मशिन जुनं होत होतं आणि आम्ही त्याला ठिगळं लावत होतो. दांड्याखालची स्प्रिंग गेली, तर बॉलपेनची स्प्रिंग बसवली. दांड्याचा गोळा फुटला, तर गुरुजींनी लाकडी भोवऱ्याला भोक पाडून तो खोचला, आणि तो हाताला मूळच्यापेक्षा बरा बसायचा. बटणं गेली तेव्हा दाराच्या बेलची बटणं लावली. वर गरम किटली ठेवून कुणी काच तडकवली, तर शब्बीरमामूंनी बंद झालेल्या दुकानाच्या शोकेसची काच कापून आणली आणि ती स्वतःच्या गाडीत ड्रायव्हरच्या सीटमागे उभी करून, चादरीत गुंडाळून आणली. त्यांची सासुरवाडी हैदराबादची. तिकडे गेले की भंगारबाजारातून काही ना काही घेऊन यायचे. एकदा मला सोल्डरिंग आयर्न आणून दिलं आणि तारेला डाग कसा द्यायचा ते शिकवलं. "बेटा, हात थरथरला तरी चालंल, घाई न्हाई करायची. जल्दीत डाग कच्चा बसतो," असं ते म्हणाले होते. त्या वर्षी मी नववीत होते, आणि फाट्यावर सोल्डरिंग येणारं दुसरं कुणी नव्हतं. याचा मला फार गर्व होता.

एके दुपारी शब्बीरमामू आणि दादा एकोणिसाव्या टप्प्यात होते आणि बाहेर गाडीपुढे एक बैलगाडी आडवी झाली. हॉर्नवर हॉर्न. कंडक्टर बोलवायला आला. मामू खुर्चीतून उठले आणि सवयीनं, शेजारी कोण आहे ते न बघता, दांडा त्याच्या हातात दिला. शेजारी चहाचे पेले गोळा करत अण्णा उभे होते. अण्णांनी पेले खाली ठेवले आणि बसले. त्यांना बसायचं नव्हतं, पण होडी चालू होती. मी दादाकडे पाहिलं. त्याचा चेहरा बंद दारासारखा झाला होता. समोरून खडक आला.

"जालन्याला," अण्णा म्हणाले. मग मोठ्यानं, "जालन्याला घे की."

"घेतली," दादा म्हणाला.

चौदा महिन्यांनी. होड्या खडकाच्या एकाच अंगानं निघाल्या, एक शेळी दोरीला अडकली, आणि पुढच्या वळणावर दोघं बुडाले. अण्णा उठून पेले घेऊन आत गेले. पडद्यामागे आई हातातलं पीठ तसंच धरून उभी होती. तिनं मला खुणेनं विचारलं, कोण बोललं? मी सांगितलं. त्या संध्याकाळी वांग्याच्या भाजीत तिनं दुप्पट शेंगदाण्याचं कूट घातलं.

पुढे हे रोजचं झालं. शब्बीरमामू शहाणे होते. ते दहा मिनिटं आधीच कंबर धरून उठायचे आणि अण्णांना बसवायचे. खेळ सुरू असेपर्यंत दोघं बोलायचे. परतूरला. थांब. सोड सोड. आली, धर. धरलीय. पंधरा-वीस मिनिटं असे शब्द, आणि खुर्चीतून उठले की पुन्हा शैला, त्याला सांग. मी या बोलण्याचा कितीही विचार केला तरी त्यात नदीबाहेरचा एक शब्द सापडायचा नाही. तरी तो आवाज होता. आई त्या वेळेला मुद्दाम धपाटे थापायला बसायची, पडद्याला पाठ लावून. मी मनाशी ठरवून टाकलं होतं की हे मशिन बंद पडू द्यायचं नाही, काहीही झालं तरी. देवाला नवस बोलण्याचं माझं वय होतं, पण देवापेक्षा सोल्डरिंगवर माझा विश्वास जास्त होता. स्टॅबिलायझरचा काटा मी दिवसातून दहादा बघायचे. वीज जायच्या वेळा मला पाठ होत्या.

आणि मग खंडेनवमी आली. आमच्याकडे त्या दिवशी हत्यारांना आराम. कढई, झारा, तराजू, किसणी, सगळं घासून-पुसून पाटावर मांडायचं, हळदकुंकू वाहायचं, झेंडू ठेवायचा. शब्बीरमामूंची गाडीसुद्धा त्या दिवशी झेंडूच्या माळा घालून यायची; माळा आमच्या आईच्या हातच्या. आमच्या घरात आणखी एक रीत होती, ती अण्णांच्या आईपासूनची. रेडिओ आणि बॅटरी म्हणजे टॉर्च, यांचे सेल त्या दिवशी काढून ठेवायचे, पत्र्या पुसायच्या आणि दसऱ्याला सकाळी नवे सेल घालायचे. सेल आत ठेवला तर हत्यार काम करतच राहतं, त्याला आराम कसला, असं ती म्हणायची. मला हे लहानपणापासून पटलेलं होतं.

त्या वर्षी मी हट्ट धरला की मशिनचीही पूजा करायची. गुरुजींना कल्पना आवडली. मी वायर काढली, टेबलाचं पोट उघडलं आणि दाढीच्या ब्रशनं कितीतरी वर्षांची धूळ, भज्यांच्या धुराचा चिकट थर, झुरळांची पंखं असं सगळं साफ केलं. आतल्या सर्किटच्या हिरव्या पट्टीवर एका कोपऱ्यात एक लहानसा गोल सेल डाग देऊन बसवलेला होता. त्याच्या कडेला पांढरी बुरशी आली होती. जुन्या टॉर्चमध्ये सेल असा फुगून पत्रा खातो ते मी पाहिलं होतं. मला आनंदच झाला, वेळेवर दिसला म्हणून. मी सोल्डरिंग आयर्न तापवलं, दोन डाग सोडवले आणि सेल अलगद बाहेर काढला. हात जरासुद्धा थरथरला नाही. मग पट्टीवर कुंकवाचं एक बोट टेकवलं, कडेला, कशाला लागणार नाही असं. काचेवर झेंडू ठेवला. अण्णांनी येऊन हात जोडले आणि दादानं नारळ फोडला, बाहेर, मशिनपासून लांब. ही काळजी आम्ही घेतली होती.

दसऱ्याला शब्बीरमामूंनी जालन्याहून तस्साच सेल आणला. मी तो बसवला, वायर लावली, बटण दाबलं. काचेखाली आडव्यातिडव्या रंगीत रेघा आल्या. नदी आली नाही. बंद करून पुन्हा लावलं. रेघा. गुरुजींनी चष्मा पुसला, जणू दोष चष्म्यात होता. आपट्याची पानं द्यायला आलेली माणसं आमच्यामागे उभी राहून बघत होती. दुपारी तीनला अण्णा भट्टीवरून हात पुसत आले, रेघा पाहिल्या आणि परत गेले. दादा तोवर तिथे उभा होता. अण्णा गेल्यावर तोही गेला.

पुढचे पंधरा-वीस दिवस दोष वाटून घेण्यात गेले. मामू म्हणाले, सेल मीच चुकीचा आणला. गुरुजी म्हणाले, पूजेला मीच हो म्हटलं. दादानं सगळे डाग पुन्हा तपासले. मी सगळ्यांना सांगत होते की जुना सेल मी काढला, माझ्यामुळे झालं, आणि सगळे म्हणत होते की सेल काय, सेलच तो, सेल बदलल्यानं कुठे काही होतं का? शेवटी मामू ती हिरवी पट्टी रुमालात बांधून हैदराबादला घेऊन गेले आणि दिवाळीनंतर परत आले. त्यांनी बाकावर बसून पाणी मागितलं. मग म्हणाले, "बेटा, ह्या खेळाची चावी त्या सेलवर जगून राह्यली होती. आतमंदी. कुणी चोरून नकला काढू नये म्हणून कंपनीनं तशी कळ ठेवलेली. सेल मिनिटभर निघाला की चावी मेली. आता बिलकुल चालू होत न्हाई. नकली असता ना, तर कायी झालं नसतं."

मी पडद्यामागे गेले. आईला सगळं ऐकू गेलं होतं. मी खूप रडले, आणि मी मशिनसाठी रडत नव्हते, हे आई जाणून होती. ती एवढंच म्हणाली, "पूजाच केलीस माय, चोरी न्हाई केली."

नंतर बरेच दिवस तीन वाजले की माणसं सवयीनं त्या टेबलाशी यायची. शब्बीरमामू चहा घेऊन बसायचे, गुरुजी वही घेऊन. अण्णा येऊन एका खुर्चीत बसायचे, दादा समोरच्या. मध्ये काळी काच. दोघं चहा प्यायचे आणि उठायचे. मी तिथेच घोटाळत असायचे. अण्णांना दूध हवं असलं तर मी सांगायचे, दादाला सुटे हवे असले तर मी सांगायचे. चौदा महिने ज्या गोष्टीची मला सवय झाली होती ती आता सहन होईना.

मार्ग गुरुजींनी काढला. ते एका दुपारी गुंडाळी घेऊन आले. शाळेतला मोठा चार्टपेपर. त्यावर त्यांनी वहीतला पहिला टप्पा चौकोन आखून मोठा केला होता, निळी नदी, काळे खडक, कोपऱ्यात दिशा म्हणून चक्क जालना आणि परतूर लिहिलेलं. कागद त्यांनी काचेवर पसरला, खिशातून शर्टाची दोन बटणं काढली, दोन्ही एकाच दोऱ्यात ओवलेली, आणि म्हणाले की आता हे असं. आळीपाळीनं चाल, एका वेळी तीन चौकोन, दोरा खडकाला लागला की बुडाले. वाहून काय येतंय ते चिठ्ठ्यांमधून. शब्बीरमामू हसले, मग खेळायला बसले आणि पाचव्या चालीला बुडाले. पुढच्या आठवड्यात सत्तावीसच्या सत्तावीस टप्पे कागदावर आले. पुढे गुरुजी अठ्ठाविसावा स्वतःच्या मनानं काढू लागले, त्याबद्दल मामूंशी त्यांचे मोठे वाद व्हायचे. जालन्याच्या गाडीतली काही माणसं खास हा खेळ बघायला उतरायची. माझा एक पुतण्या कॉम्प्युटरमध्ये आहे. तो मला सांगत होता की जुने गेम कंपनीनं बंद केले तरी जगभर लोक ते घरातल्या मशिनवर चालवत ठेवतात. मी म्हटलं, आम्ही बटणांवर चालवत होतो. त्याला वाटलं मी कीबोर्डबद्दल बोलतेय.

कागदाच्या नदीत एक फरक होता, तो आधी माझ्या ध्यानात आला नाही. ती थांबायची. काचेखालच्या पाण्याला दम नसे, विचार करायला सवड नसे, म्हणून तिथे ओरडून बोलावं लागायचं. इथे एकानं चाल केली की दुसरा पाहिजे तितका वेळ घेऊ शकायचा. अण्णा आणि दादा खेळायला बसले की चालींच्या मध्ये लांबच लांब गप्प वेळ पडायचा. मला तो असह्य व्हायचा. मला वाटायचं की मी उरलेसुरले शब्दही घालवले.

होळी होऊन गेली होती. भट्टीजवळ बसवत नव्हतं, म्हणून अण्णा त्या दिवशी लवकर आले. आठवा टप्पा होता. चाल अण्णांची होती. त्यांनी बटणावर बोट ठेवलं आणि ते तसंच ठेवून बसले. गुरुजींनी एकदा खाकरून पाहिलं. बाहेर कंडक्टरनं घंटी दिली, मामू उठले नाहीत.

"त्या वक्ताला मी तुला विचारलं न्हाई," अण्णा म्हणाले. ते कागदाकडे बघत होते. "निस्ता निरोप धाडला."

दादानं बटणांमधला दोरा बोटानं सरळ केला. मग म्हणाला, "तुमचा पाय मोडल्ता. मी थांबलोच असतो. पण विचारायला पायजे होतं तुम्ही."

"व्हय."

कंडक्टरनं पुन्हा घंटी दिली.

"मंग आता विचारतो," अण्णा म्हणाले. "जायचं हाय का तुला?"

"हाय."

"मंग जा. गल्ला बघतो मी."

आणि त्यांनी बटण तीन चौकोन सरकवलं. चुकीचं सरकवलं, दोरा थेट खडकावर आला, पण ते कुणी बोललं नाही. शब्बीरमामू डोळे पुसत गाडीकडे गेले, आणि गाडी त्या दिवशी वीस मिनिटं उशिरा सुटली. प्रवाशांनी आरडाओरडा केला तो वेगळा.

जूनमध्ये दादा गेला. शब्बीरमामूंच्याच गाडीनं जालन्यापर्यंत, तिथून पुढे रेल्वेनं औरंगाबादला. आईनं दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून दिली. अण्णा गाडीच्या खिडकीपाशी उभे राहून त्याच्याशी बोलत होते, मेसबद्दल, पाण्याबद्दल, थेट, माझ्यामार्फत काही नाही. सगळ्यांना वाटलं मला आनंद झाला असेल. मला झाला नाही. त्या दोघांनी बोलावं म्हणून मी वर्षभर त्या मशिनचा जीव सांभाळला होता, आणि ते बोलले ते दादाच्या जाण्याबद्दल. मशिन चालू राहिलं असतं तर दोघं जालन्याला, परतूरला करत बसले असते आणि दादा गल्ल्यावरच राहिला असता. त्याचं वाटोळं झालं असतं. हे मला तेव्हाही कळत होतं, आणि तरी मला तो घरात हवा होता. मी आईशी दोन दिवस नीट बोलले नाही, तिनं काही केलेलं नसताना.

दादा गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी शब्बीरमामूंची सुट्टी होती आणि गुरुजी परतूरला गेले होते. दुपारी तीनला अण्णा सवयीनं टेबलाशी येऊन बसले. समोरची खुर्ची रिकामी होती. मी कपबश्या विसळत होते. त्यांनी मला हाक मारली. मी ओले हात पदराला पुसावे तसे ओढणीला पुसत गेले आणि दादाच्या खुर्चीत बसले. मला वाटलं खेळायचं असेल, म्हणून मी कागद उलगडायला लागले. अण्णांनी कागदावर हात ठेवला.

"तुला कुटं जायचं हाय?" त्यांनी विचारलं.

मी कागदाचा कोपरा सोडून दिला. मला दहावीला मार्क चांगले पडले होते, पण पुढे काय, हे आमच्या घरात कुणी बोललं नव्हतं; मीही नाही. मुलींचं जे होतं ते होतं, एवढंच मला माहीत होतं. कुठे जायचं आहे या प्रश्नाला माझ्याजवळ एका गावाचं नावसुद्धा नव्हतं. रस्त्यावरून मंठ्याची गाडी आली, थांबली, माणसं उतरली, आणि अण्णा गिऱ्हाइकांकडे बघायला उठले नाहीत.

"मला म्हाईत न्हाई," मी म्हणाले. "विचार करून सांगते."

"कर," अण्णा म्हणाले. "मी बसलोय हितं."